कायबॉतचं ‘नौकाविहार’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये समकालीन आयुष्य आणि प्रकाश रंगवणारे इम्प्रेशनिस्ट चित्रकार म्हटलं की मोने, रन्वार, देगा ही नावं चटकन ओठांवर येतात. गुस्ताव कायबॉत हे नाव त्या मानाने उशिरा कळतं. काळी उंच हॅट घालून होडी वल्हवणाऱ्या माणसाचं त्याचं चित्र मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही. या चित्राबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो : हे होडीत बसलेल्या माणसाने, होडीतलं कळणाऱ्या माणसाने काढलेलं चित्र आहे. ते तसंच पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

हे चित्र नेमकं कोणतं?

कायबॉतने १८७७-७८ च्या सुमारास काढलेलं हे तैलचित्र. फ्रेंच शीर्षक ‘पार्ती द बातो’, म्हणजे नौकाविहार. ‘उंच हॅटवाला नावाडी’ अशा अर्थाच्या नावानेही ते ओळखलं जातं. कॅनव्हास सुमारे ९० सेंटिमीटर उंच आणि ११७ सेंटिमीटर रुंद आहे. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाच्या मालकीचं आहे.

चित्रात काय काय दिसतं?

मधोमध एक पुरुष बसला आहे, अगदी आपल्या समोर. डोक्यावर काळी उंच हॅट, गळ्याला बो, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आणि त्यावर वेस्टकोट. कोट त्याने उतरवून शेजारी फळीवर ठेवला आहे. दोन्ही हातांत वल्ही आहेत. मागे नदीचं पाणी, पाण्यात काठावरच्या झाडांची हिरवी प्रतिबिंबं आणि थोड्या अंतरावर नौकाविहाराला निघालेली आणखी माणसं.

आता चौकटीच्या कडांकडे बघा. वल्ही पूर्ण दिसत नाहीत, ती कडेला तुटतात. होडीही पूर्ण दिसत नाही. हॅटचा माथा वरच्या कडेला जवळजवळ टेकला आहे. माणूस चौकटीत जेमतेम मावतो, आणि त्यामुळेच तो इतका जवळचा वाटतो. त्याचा चेहरा आपल्याकडे आहे, पण नजर आपल्या नजरेला भिडत नाही, ती बाजूला कुठेतरी वळली आहे. श्रम करणाऱ्या माणसाचं लक्ष जसं अर्धं हातातल्या कामात आणि अर्धं बाहेर असतं, तसा तो भाव आहे. मला हा चेहरा चित्रातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते. तो कोणासाठी पोझ देऊन बसलेला नाही.

हा माणूस आपल्यासमोर इतका जवळ कसा? चित्रकार नेमका कुठे बसला होता?

या चित्राची किल्लीच या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वल्ह्यांची होडी चालवणारा माणूस होडी ज्या दिशेला जाते तिकडे पाठ करून बसतो. पाय समोर रोवायचे, पुढे झुकून वल्ह्याची पाती पाण्यात बुडवायची आणि अंग मागे टाकत वल्ही ओढायची. जोर पाठीचा आणि पायांचा लागतो, म्हणून ही उलटी बैठक. पुण्यात मुळेच्या पात्रात सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या बोट क्लबचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा उत्सव, ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. तिथे वल्हवणारे शर्यतीच्या शेवटच्या रेषेकडे पाठ करूनच ती गाठतात.

म्हणजे वल्हवणाऱ्याचं तोंड असतं होडीच्या मागच्या टोकाकडे. तिथे कोणी सोबती बसला असेल तर तो आणि वल्हवणारा समोरासमोर येतात. लोकलमध्ये समोरासमोरच्या बाकांवर बसल्यावर गुडघ्याला गुडघा लागतो, तेवढंच अंतर. कायबॉतने चित्राचा डोळा ठेवला आहे तो बरोबर या जागी. तो काठावरून बघत नाही, पुलावरून बघत नाही, शेजारच्या होडीतूनही नाही. तो त्याच होडीत मागच्या टोकाला आहे, आणि चित्रासमोर उभं राहिल्यावर ती जागा आपली होते.

यातून एक गंमतशीर पण फार महत्त्वाची गोष्ट निघते. होडी कुठे चालली आहे ते चित्रातल्या माणसाला दिसत नाही, आपल्याला दिसतं. त्याच्या खांद्यामागे जी नदी पसरली आहे तिकडेच होडी निघाली आहे. अशा होडीत मागे बसलेल्याने पुढे नजर ठेवायची, वळण आलं, फांदी आडवी आली तर सांगायचं, सुकाणू असेल तर ते धरायचं, अशी रीत असते. या चित्रात प्रेक्षक नुसता पाहुणा राहत नाही. त्याच्याकडे काम आहे.

हे त्या काळी नवीन होतं का?

होतं. नदीवरच्या होड्या आधीही चित्रांत होत्या, पण बहुतेक वेळा त्या निसर्गदृश्याचा भाग म्हणून, दूरवर. १८६९ मध्ये मोने आणि रन्वार यांनी सेन नदीकाठच्या ‘ला ग्रनुयेर’ या स्नानाच्या आणि होड्यांच्या ठिकाणी शेजारी शेजारी बसून चित्रं काढली. त्यात पाण्यावरच्या प्रकाशाचे तुकडे आहेत, गर्दी आहे, पुढे बांधून ठेवलेल्या होड्या आहेत. मोने तर पॅरिसजवळ सेनकाठच्या आर्जांतोयला राहत असताना एका होडीवर छोटी खोली बांधून तिचाच स्टुडिओ करत असे. तरीही बघणाऱ्याची नजर बहुधा पाण्यावर किंवा काठावर राहते. वल्हवणाऱ्या माणसाच्या श्वासाच्या अंतरावर प्रेक्षकाला आणून बसवणं हे कायबॉतचं.

होडी वल्हवायला उंच हॅट कशासाठी? हे खरंच असं करत असत का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या लोकांना नौकाविहाराचं वेड लागलं होतं. त्याला कारण रेल्वे. पॅरिस ते सें-जर्मेंच्या दिशेची लाइन १८३७ मध्ये सुरू झाली, आर्जांतोयला रेल्वे १८५१ मध्ये पोचली. रविवारी सकाळी गाडीत बसायचं, अर्ध्यापाऊण तासात नदीकाठी उतरायचं, होडी भाड्याने घ्यायची, दुपारी काठावरच्या खानावळीत जेवायचं आणि संध्याकाळी परत. दुकानातले कारकून, कारागीर, शिवणकाम करणाऱ्या मुली, चित्रकार, लेखक असे सगळे थर तिथे एकत्र येत. या हौशी नावाड्यांचा ठरलेला वेष होता : गवती हॅट आणि बिनबाह्यांची बनियनसारखी बंडी. दंड उघडे. त्या काळच्या नदीवरच्या बऱ्याच चित्रांत हा वेष दिसतो.

कायबॉतचा माणूस यातलं काहीच घालत नाही. त्याची उंच हॅट शहरातली आहे, पॅरिसच्या रुंद रस्त्यांवर, ऑफिसात, नाटकगृहात घालायची. म्हणजे हा शहरातून तसाच आलेला गृहस्थ दिसतो. होडीत बसला, फक्त कोट काढला आणि वल्ही हातात घेतली. त्याच्या कपड्यांवर त्याची सामाजिक पायरी लिहिलेली आहे, आणि तरी तो स्वतःच्या हातांनी होडी ओढतो आहे.

काही लोक यात विनोद शोधतात. मला तो तिथे दिसत नाही. कायबॉत स्वतः याच वर्गातला होता. त्याच्या घरी आलेला एखादा पाहुणा जेवणानंतर नदीवर जाताना असाच गेला असणार. चित्रकाराने त्याला हॅट उतरवायला लावली नाही, म्हणूनच तो खरा राहिला. शिवाय ती काळी हॅट रचनेच्या दृष्टीनेही फार उपयोगी पडली आहे. मागे सगळा हिरवा आणि चमकता पसारा आहे, त्यात तो काळा उभा आकार नजरेला एका जागी धरून ठेवतो. हॅटवर बोट ठेवून बघा, सगळं चित्र विरघळायला लागतं.

हा माणूस कोण आहे?

शीर्षकात कायबॉतने कोणाचं नाव दिलेलं नाही. नदीवर गेलेला एक गृहस्थ, एवढीच त्याची ओळख त्याने ठेवली, आणि चित्राला ती पुरते.

ही नदी सेन आहे का?

नाही. ही येर नदी. सेनला मिळणारी ही छोटी नदी पॅरिसच्या आग्नेयेला व्हिलनव्ह-सें-जॉर्जजवळ सेनमध्ये शिरते. सेनचं पात्र रुंद, त्यावर मालवाहू नावा, शिडाच्या होड्या, पूल, कारखान्यांची धुराडी. येर अरुंद आणि संथ, दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकलेली. त्यामुळे या चित्रात आभाळाला फार जागा नाही आणि हिरवा रंग सगळीकडून आत येतो.

याच नदीकाठी, पॅरिसपासून सुमारे २० किलोमीटरवर, येर गावात कायबॉत कुटुंबाचं मोठं घर आणि बाग होती. वडिलांनी सैन्याला कापड आणि बिछान्याचं सामान पुरवण्याच्या धंद्यात भरपूर पैसा केला होता. ही मालमत्ता त्यांनी १८६० मध्ये घेतली, तेव्हा गुस्ताव ११-१२ वर्षांचा होता. त्याचे पुढचे उन्हाळे याच नदीवर गेले. वडील १८७४ मध्ये गेले, धाकटा भाऊ रने १८७६ मध्ये, आई १८७८ मध्ये. १८७९ मध्ये भावांनी घर विकलं. म्हणजे हे चित्र येरच्या शेवटच्या काही उन्हाळ्यांतलं आहे. हे माहीत असलं की चित्रातला निवांतपणा जरा वेगळा वाटू लागतो.

येर नदीवर त्याने आणखी चित्रं काढली का?

बरीच. १८७७ चं ‘येरवर वल्हवणारे’ हे चित्र ‘नौकाविहार’शेजारी ठेवून पाहावं असं आहे. त्यात दोन पुरुष गवती हॅट घालून, उघड्या दंडांनी, एकाच तालात पुढे झुकले आहेत. वल्ह्यांच्या तिरक्या रेषा चित्रभर जातात. तिथे जोर आहे, घाम आहे. इथे शहरी गृहस्थाची दुपार आहे. विषय एक, नदी एक, आणि माणसं दोन जगांतली.

दुसरा गट ‘पेरिस्वार’च्या चित्रांचा. पेरिस्वार ही सपाट तळाची, अरुंद, एका माणसाची होडी. दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच लांब वल्हं घेऊन ती चालवतात, बरीचशी आजच्या कयाकसारखी. यात बसणारा पुढे तोंड करून बसतो. कायबॉतने हा फरक चित्रांत नेमका पकडला आहे : पेरिस्वारवाले आपल्यापासून दूर जाताना किंवा आपल्या अंगावर येताना दिसतात, पिवळ्या गवती हॅटा आणि पिवळी वल्ही हिरव्या पाण्यावर चमकतात. यातलं १८७७ चं एक चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, एक अमेरिकेतच मिलवॉकीच्या संग्रहालयात. १८७८ मध्ये त्याने पोहणारे, गळ टाकून बसलेले आणि पेरिस्वारवाले अशी तीन उभी सजावटीची चित्रं एकत्र आखली. त्यातलं पेरिस्वारचं चित्र फ्रान्समधल्या रेनच्या संग्रहालयात आहे.

कायबॉतला होड्यांतलं खरंच कळत होतं, की हा श्रीमंताचा छंद?

छंद म्हणून सुरू झालं, पण जिथे पोचलं तिथे फार थोडे लोक पोचतात.

१८७६ च्या सुमारास तो पॅरिसच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबाचा, ‘सेर्कल द ला व्हॉल’चा सभासद झाला आणि १८८० मध्ये उपाध्यक्ष. येरचं घर विकल्यावर भावांनी १८८१ मध्ये आर्जांतोयच्या समोरच्या काठावर, पेती-जेनव्हिलिये इथे जागा घेतली. पुढे गुस्ताव तिथेच कायमचा राहायला गेला. घरालगत होड्या बांधण्याचा कारखाना होता, त्यात त्याने पैसे घातले, आणि तो स्वतः शर्यतीच्या होड्यांचे आराखडे करू लागला. त्याने आखलेल्या होड्यांची संख्या २० च्या वर जाते. शिडांसाठी त्याने रेशीम वापरून पाहिलं. त्याच्या होड्यांपैकी ‘रोस्टबीफ’ ही सगळ्यात प्रसिद्ध. शर्यतींत तो सतत जिंकत असे, आणि फ्रान्समध्ये शिडाच्या होड्यांच्या इतिहासात त्याचं नाव चित्रकलेचा संदर्भ न देताही घेतलं जातं.

याचा ‘नौकाविहार’शी काय संबंध? थेट संबंध आहे. होडीत बसण्याची सवय नसलेला चित्रकार होडीचा बाहेरचा आकार काढतो, कारण त्याला ती बाहेरूनच माहीत असते. कायबॉतला फळीवर बसल्यावर समोरच्याचे गुडघे किती जवळ येतात, वल्ह्याची मूठ कुठल्या उंचीला येते, ओढताना खांदे कसे मागे जातात हे अंगाने माहीत होतं. कपड्यांतला गृहस्थ हौशी असला तरी होडी हौशी नाही.

त्याची बुद्धी अशा कामांत रमत असे असं दिसतं. तो आणि भाऊ मार्सियाल यांनी टपाल तिकिटांचा इतका मोलाचा संग्रह केला की तो पुढे थॉमस टॅपलिंग या इंग्रज संग्राहकाने विकत घेतला, आणि आज तो ब्रिटिश लायब्ररीतल्या टॅपलिंग संग्रहाचा भाग आहे. बागकामातही त्याला असंच खोल शिरायचं असे, मोनेशी त्याचा झाडांबद्दलही पत्रव्यवहार चाले. १८९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, पेती-जेनव्हिलियेलाच तो गेला.

चित्र इतकं घोटीव आणि रेखीव आहे. मग कायबॉत इम्प्रेशनिस्ट कसा?

इम्प्रेशनिस्ट म्हणजे तुटक फटकारे आणि धुरकट कडा, अशी समजूत पक्की झाली आहे. त्या गटातले चित्रकार एकसारखं रंगवत नव्हते. त्यांना जोडणाऱ्या गोष्टी दुसऱ्या होत्या : समकालीन आयुष्याचा विषय, सरकारी वार्षिक प्रदर्शनाची म्हणजे सलॉंची मेहेरबानी न मागता स्वतःचं प्रदर्शन भरवणं आणि प्रकाशाशी प्रामाणिक राहणं.

कायबॉत कायद्याचा पदवीधर. फ्रान्स-प्रशिया युद्धात त्याने सैन्यात काम केलं, मग लेऑं बोना या चित्रकाराकडे रीतसर शिकला. १८७५ मध्ये लाकडी फरशी तासणाऱ्या मजुरांचं त्याचं चित्र सलॉंने नाकारलं, आणि १८७६ मध्ये तेच त्याने इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात लावलं. रेखांकन आणि यथार्थदर्शन हा त्याचा पाया होता आणि तो त्याने लपवला नाही. ‘नौकाविहार’मध्ये रंगवण्याच्या दोन्ही पद्धती दिसतात. माणूस, हॅट, वेस्टकोट हे घट्ट रंगवले आहेत. पाण्याकडे जा, तिथे कुंचला सुटतो, छोटे मोकळे फटकारे, हिरव्यावर निळा, त्यावर उजेडाचे पांढुरके ठिपके. होडीत बसलेल्या माणसाला असंच दिसतं. समोरचा सोबती स्थिर आणि मागचं पाणी सरकतं.

हे फोटो पाहून काढलं असेल का?

कडेला कापलेल्या वस्तू आणि जवळून घेतलेला कोन पाहून तसं वाटतं खरं. भाऊ मार्सियाल छायाचित्रकार होता, त्यामुळे ही शंका आणखी बळावते. पण मार्सियालने काढलेली जी छायाचित्रं प्रसिद्ध आहेत ती बहुतेक १८९० नंतरची, म्हणजे या चित्रानंतर बऱ्याच वर्षांची. १८७० च्या दशकातल्या कॅमेऱ्यांना हलत्या होडीत, हलत्या माणसाचा असा नेमका क्षण पकडणं सोपंही नव्हतं. कापलेल्या चौकटींची सवय त्या पिढीला जपानी लाकूडठशांच्या चित्रांनीही लावली होती, देगाच्या चित्रांत तर ती सर्रास दिसते. आणि होडीत बसलेल्याला चौकट अशीच कापलेली दिसते हे उत्तर माझ्या मते पुरेसं आहे.

चित्र पहिल्यांदा लोकांनी कधी पाहिलं?

१८७९ च्या वसंतात, पॅरिसच्या आव्हेन्यू द लोपेरावर भरलेल्या इम्प्रेशनिस्टांच्या चौथ्या प्रदर्शनात. रन्वार त्या वर्षी त्यांच्यात नव्हता, तो सलॉंकडे वळला होता. अमेरिकन चित्रकार मेरी कसाट पहिल्यांदाच त्यांच्यासोबत आली. कायबॉतने पैसा, धावपळ आणि चित्रं तिन्ही दिलं, आणि येरची नौकाविहाराची चित्रं एकत्र मांडली.

योगायोग असा की त्याच वसंतात पलीकडे सलॉंमध्ये एदुआर माने (मोने नव्हे) या चित्रकाराचं ‘होडीत’ हे चित्र लागलं होतं. ते १८७४ च्या उन्हाळ्यातलं, सेनवरचं. पांढऱ्या कपड्यांतला पुरुष सुकाणूवर हात ठेवून बसला आहे, शेजारी निळ्या पट्ट्यांच्या पोशाखातली स्त्री, क्षितिज नाहीच, सगळी चौकट निळ्या पाण्याने भरलेली. तेही विलक्षण चित्र आहे, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पण माने आपल्याला वरून बघायला लावतो, आणि त्याचा पुरुष सरळ आपल्याकडे बघतो, जणू आपण त्यांच्यात शिरलो आहोत. कायबॉतच्या होडीत आपण आधीपासून आहोत. माझा कौल कायबॉतला.

रन्वारच्या नदीकाठच्या जेवणाच्या चित्रात कायबॉत आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. रन्वारने १८८०-८१ मध्ये शातू इथल्या ‘मेझों फुर्नेझ’ या खानावळीच्या गच्चीवर नौकाविहार करून आलेल्या मित्रमंडळींचं जेवण रंगवलं. त्यात उजवीकडे पुढे, खुर्चीवर उलटा बसलेला, गवती हॅट आणि बिनबाह्यांच्या बंडीतला पुरुष म्हणजे कायबॉत. डावीकडे कुत्र्याशी खेळणारी आलीन शारिगो पुढे रन्वारची पत्नी झाली. हे चित्र वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आहे, डंकन फिलिप्सने ते १९२३ मध्ये १,२५,००० डॉलरना घेतलं. तिथे कायबॉतने नावाड्याचा खरा वेष घातला आहे, हे आवर्जून पाहा.

कायबॉतच्या नौकाविहाराच्या चित्रांत बायका का दिसत नाहीत?

त्याच्या चित्रांत एकूणच पुरुष जास्त आहेत : मजूर, भाऊ, मित्र, खिडकीत उभे राहणारे, वल्हवणारे. २०२४-२५ मध्ये ऑर्से, लॉस एंजेलिसचं गेटी आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांनी मिळून याच विषयावर मोठं प्रदर्शन भरवलं. होडीतल्या स्त्रिया बघायच्या असतील तर त्याच गटातल्या चित्रकार बर्थ मोरिसोचं १८७९ च्या सुमाराचं ‘उन्हाळ्याचा दिवस’ पाहा. पॅरिसच्या बुआ द बुलोन्यमधल्या तळ्यात दोघी होडीत बसल्या आहेत, आणि कुंचला इतका चपळ की बदकंसुद्धा फटकाऱ्यांत उमटली आहेत. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीचं.

इतकं चांगलं चित्र इतकी वर्षं लोकांना माहीत कसं नव्हतं?

कारण ते कुटुंबाकडे होतं, आणि कारण कायबॉतला स्वतःची चित्रं विकायची गरजच नव्हती. तो मित्रांची चित्रं विकत घेत असे, त्यांची भाडी भरत असे, प्रदर्शनांचा खर्च उचलत असे. भाऊ रने अचानक गेल्यावर, १८७६ मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी त्याने मृत्युपत्र केलं : आपल्याकडची मित्रांची चित्रं सरकारला द्यावीत, ती माळ्यावर किंवा आडगावच्या संग्रहालयात न टाकता आधी पॅरिसच्या लुक्झेंबर्ग संग्रहालयात आणि मग लूव्हरमध्ये लावावीत. तो गेल्यावर रन्वारने हे मृत्युपत्र तडीस नेण्याची जबाबदारी घेतली. दोन वर्षं वाटाघाटी चालल्या. साठाहून अधिक कलाकृतींपैकी चाळीसच्या आसपास सरकारने स्वीकारल्या, बाकीच्या नाकारल्या. रन्वारचं ‘मुलँ द ला गालेत’चं नाचाचं चित्र आणि मोनेचं सें-लाझार स्टेशन ऑर्सेत आहे ते या माणसामुळे.

त्या यादीत त्याने स्वतःचं एकही चित्र घातलं नव्हतं. फरशी तासणाऱ्यांचं चित्र सरकारकडे गेलं ते वारसांनी दिलं म्हणून. पुढची कित्येक दशकं कायबॉत म्हणजे इम्प्रेशनिस्टांचा आश्रयदाता एवढंच लोक म्हणत. परिस्थिती बदलायला लागली ती १९६४ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने त्याचं पॅरिसमधल्या पावसाळी रस्त्याचं भलंमोठं चित्र घेतल्यावर, आणि मग १९७६-७७ मध्ये ह्यूस्टन आणि ब्रुकलिनच्या प्रदर्शनांनी, १९९४ मध्ये पॅरिस आणि शिकागोच्या शताब्दी प्रदर्शनाने. ज्याने सगळ्यांची चित्रं सांभाळली त्याचीच मागे राहिली, याचं मला वाईट वाटतं, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न मी मनापासून लिहितो.

ऑर्सेने ते किती किमतीला घेतलं? आणि पैसे कोणी दिले?

४ कोटी ३० लाख युरो. २०२० मध्ये फ्रान्स सरकारने हे चित्र ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून जाहीर केलं. त्याचा अर्थ असा की ३० महिने ते देशाबाहेर नेता येत नाही आणि तेवढ्या मुदतीत सरकारने पैसे उभे करायचे. ही रक्कम ऑर्सेच्या खरेदीच्या वार्षिक तरतुदीबाहेरची होती. शेवटी एलव्हीएमएच या उद्योगसमूहाने ती दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये चित्र राष्ट्रीय संग्रहात आल्याची घोषणा झाली.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. राष्ट्रीय ठेवा विकत घ्यायला मदत करणाऱ्या कंपनीला फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे दिलेल्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत करसवलत मिळू शकते. म्हणजे मोठा भार सरकारी तिजोरीवरच पडतो आणि नाव देणगीदाराचं होतं. आक्षेप खरा आहे. तरीही दुसरी शक्यता काय होती तेही पाहायला हवं. २०२१ मध्ये कायबॉतचं ‘खिडकीतला तरुण’ न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी ३० लाख डॉलरना गेलं. ते गेटीने घेतलं म्हणून निदान लोकांना दिसतं. ‘नौकाविहार’ एखाद्या खासगी घरात गेलं असतं तर ते पुन्हा पिढ्यान्‌पिढ्या दिसलं नसतं. करदात्याचा पैसा गेला असेल, तर चित्रही करदात्याच्या मालकीचं झालं आहे.

पॅरिसला गेल्यावर कसं पाहायचं?

ऑर्से संग्रहालय सोमवारी बंद असतं. गुरुवारी ते रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, आणि संध्याकाळी गर्दी कमी होते, तेव्हा जाणं उत्तम. चित्रं प्रदर्शनांसाठी बाहेर जात असतात, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र दालनात आहे ना, ते बघून घ्या. समोर गेल्यावर आधी लांब उभे राहा, मग दीडएक मीटरवर या आणि होडीच्या मागच्या टोकाला बसल्यावर डोळे जिथे येतील तिथे नजर आणा. उंच माणसांनी जरा गुडघे वाकवले तरी चालतील, तिथे कोणी काही म्हणत नाही.

येर गावातलं ते घर अजून आहे का?

आहे, आणि अर्धा दिवस काढून जाण्यासारखं आहे. १९७३ मध्ये गावच्या नगरपालिकेने ती मालमत्ता घेतली, बाग आणि घर यांची डागडुजी केली आणि लोकांना खुली केली. पॅरिसहून आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ‘डी’ लाइनने येर स्टेशनला अर्ध्या तासाच्या आसपास पोचता येतं, पुढे चालत जाता येतं. भाजीपाल्याची बाग, हिरवळ, पांढऱ्या खांबांचं घर हे सगळं कायबॉतच्या चित्रांतून ओळखीचं वाटतं. नदी बागेच्या कडेनेच जाते. उन्हाळ्यात तिथे होड्याही भाड्याने मिळतात, वेळा आधी विचारून घ्या. दोघं जण असाल तर एकाने वल्ही घ्यावीत आणि दुसऱ्याने मागे बसून वळणं सांगावीत.